पंखा बदलण्याआधी तो का तुटला, ते पाहा

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही म्हणालात की गाडीच्या इंजिनाच्या पंख्याचे एक पाते मुळापासून तुटले आहे, आणि तोल सांभाळण्यासाठी त्याच्या समोरचे पातेही कापून टाकावे, असा सल्ला तुम्हाला मिळाला आहे. तुमचा आवाज तुटत होता, म्हणून मला जे सांगायचे होते ते नीट सांगता आले नाही. तेच आता सविस्तर लिहितो. हे पत्र वाचून होईपर्यंत गाडी सुरू करू नका, गेटपर्यंत नेण्यासाठीसुद्धा नाही.

पाते कापून तोल साधतो हे वरवर खरे वाटते, पण जे पाते तुटले ते एकटे थकलेले नसते. सगळी पाती तितकीच वर्षे, तितकाच ताण सोसत फिरलेली असतात. पंख्याचा व्यास ४० सेंटीमीटर धरला आणि तो मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर पात्याचे टोक ताशी सुमारे २२५ किलोमीटर वेगाने धावत असते. त्या वेगात सुटलेले पाते रेडिएटरची जाळी फाडते, बॉनेटला आतून भोक पाडते, आणि बॉनेट उघडून कोणी वाकून पाहत असेल तर त्याचे काय होईल, हे मी लिहीत नाही. माझ्या जुन्या गाडीचा पंखा काढून खिडकीतल्या उजेडात धरला, तेव्हा तुटलेल्या पात्याच्या शेजारच्या दोन पात्यांच्या मुळाशी केसाएवढ्या बारीक रेघा दिसल्या. बोटाने त्या जाणवतही नव्हत्या; पाते जरा वाकवले की रेघ उघडायची, सोडले की मिटायची. म्हणून वेल्डिंग करणे, वाकलेले पाते ठोकून सरळ करणे, समोरचे कापणे यातले काहीही नको. पंखा पूर्ण नवा हवा, आणि तो त्याच मापाचा व तितक्याच पात्यांचा हवा. (नवा पंखा हातात आल्यावर पात्यांमधली अंतरे कमीजास्त दिसली तर तो सदोष समजून परत करू नका; सर्व पात्यांचा मिळून एकच शीळ घातल्यासारखा आवाज होऊ नये, म्हणून अनेक पंख्यांत ती अंतरे मुद्दाम असमान ठेवलेली असतात.)

आता मी केलेली चूक सांगतो, कारण खरे तर त्यासाठीच हे पत्र आहे. पहिला पंखा तुटल्यावर मी नवा आणला, बसवला आणि हात धुऊन मोकळा झालो. तिसऱ्या आठवड्यात चढावर ॲक्सिलरेटर दाबला की पुढून खर्र असा आवाज येऊ लागला. बॉनेट उघडून पाहिले तर पंख्याभोवतीच्या प्लास्टिकच्या आवरणाला आतून, खालच्या बाजूस, नखाने ओरखडल्यासारखी चंद्रकोर उमटली होती. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसते, त्यातले एक फाटून दबले होते; त्यामुळे इंजिन एका अंगाला खचले होते आणि जोर पडताच हलून पंख्याची टोके आवरणाला घासत होती. पहिला पंखाही त्यामुळेच तुटला असणार, कारण त्या चंद्रकोरीच्या खाली जुनी, मळाने काळी पडलेली दुसरी चंद्रकोर होतीच. मी ती पाहिली नव्हती, एवढेच. एक नवा पंखा त्या आळसापायी वाया गेला.

तेव्हा तुमच्याकडे पंखा उतरवण्याआधी आवरण आणि पात्यांची टोके यांमधली फट वर, खाली आणि दोन्ही बाजूंना पाहून घ्या. वर दोन बोटे जातात आणि खाली एकही जात नाही, असे असेल तर आधी माउंटिंग पाहावे. त्यानंतर बेल्ट उतरवून पंखा दोन्ही हातांनी धरा आणि पुढेमागे, वरखाली हलवा. तुमच्या गाडीत तो थेट वॉटर पंपाच्या पुलीवर बसलेला आहे, त्यामुळे पंपाचे बेअरिंग झिजले असेल तर ते तिथेच कळते. पंपाच्या खालच्या छिद्राभोवती कूलंटचे वाळलेले ओघळ दिसले तर पंपसुद्धा बदलावा लागेल. झिजलेल्या पंपावर नवा पंखा बसवण्यात काही अर्थ नाही. उलट बाजूही खरी आहे: तोल गेलेला पंखा काही दिवस जरी फिरला असेल, तरी चांगल्या बेअरिंगचीही त्याने वाट लावलेली असू शकते.

काम स्वतः अवघड नाही. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, कारण रेडिएटरमधला कूलंट दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि गरम असताना झाकण फिरवले की तोच अंगावर उसळतो. बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवा, म्हणजे तुमचे हात आत असताना कोणी चावी फिरवणार नाही. रेडिएटर आणि पंखा यांच्या मधे जाड पुठ्ठा सरकवा. पाना निसटला तर जाळीवर न आदळता पुठ्ठ्यावर आदळेल. पंखा धरून ठेवणारे चार बोल्ट बेल्ट ताणलेला असतानाच सैल करून घ्या, नाहीतर पुली पान्याबरोबर फिरत राहील; बेअरिंग तपासण्यासाठी बेल्ट उतरवायचा तो त्यानंतर. माझ्या गाडीत मात्र मधे व्हिस्कस क्लच (तापमानाप्रमाणे पंख्याचा वेग कमीजास्त करणारा जोड) आहे आणि तो एकाच मोठ्या नटावर बसतो. तो नट डाव्या आट्यांचा, म्हणजे नेहमीच्या उलट दिशेने सैल होणारा आहे, हे लक्षात येईपर्यंत मी अर्धा तास तो आणखी आवळतच होतो.

नवा पंखा बसवताना बाजू चुकवू नका. उलटा बसवला तरी हवा त्याच दिशेने जाते, म्हणून चूक लगेच ध्यानात येत नाही. पण पात्यांचा बाक विरुद्ध पडल्यामुळे ती फार कमी ओढली जाते. जुना काढण्याआधी त्याच्या इंजिनाकडच्या बाजूला खडूने खूण करून ठेवलीत, की प्रश्न उरणार नाही. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा. मग पंखा हाताने एक पूर्ण फेरा फिरवून तो कुठे घासत नाही ना, ते पाहा, उतरवलेला बेल्ट परत चढवा आणि त्यानंतरच तार जोडा.

गाडी सुरू केल्यावर ती उभीच ठेवून तापमानाचा काटा पाहा. वेगात धावताना समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड करतो. पंख्याची परीक्षा गाडी उभी असताना होते. काटा मधोमध येऊन स्थिर राहिला तर काम झाले.

आवरणाच्या आतल्या बाजूचा एक फोटो दादाकडून मला पाठवा. तिथे चंद्रकोर आहे का, हे पाहिल्याशिवाय मला स्वस्थता वाटणार नाही. ती. सौ. आईस साष्टांग नमस्कार.

तुमचा,
धाकटा