आई-बाबांना : घरातले दिवे बदलायचे ठरलंय

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

घरातले दिवे बदलायचे ठरलंय. ठरवायचंय असं नाही, ठरलंय. दादाशी बोलून झालं, सामान मागवून झालं, वायरमनकाका सोमवारी सकाळी येतील. आई, तू म्हणशील, विचारायचं तरी. बाबा काहीच म्हणणार नाहीत आणि तेच मला जास्त लागेल. पण विचारलं असतं तर ‘आमचं काय, चाललंय की’ याच्या पलीकडे तुम्ही गेला नसतात. जिन्यातलं प्रकरण तुम्ही दोघांनी संगनमताने दडवलंत, तेव्हा थोडी दडवादडवी आता माझ्याकडूनही चालवून घ्या.

आधी तुमच्या काळज्या मिटवते. भिंत फोडायची नाही. नवीन वायर केसिंगपट्टीतून जाईल आणि पट्टीला भिंतीचाच रंग लागेल. फॉल्स सीलिंग नाही, पीओपी नाही. ड्रिल चालेल ते सकाळी. दुपारी एक ते तीन बाबांच्या झोपेच्या वेळी कुणी हातोडी उचलणार नाही, तसं काकांना बजावलंय. देवघराला शेवटी हात लावतील, तोही पूजा झाल्यावर. आणि हॉलमधलं झुंबर जाणार नाही. ते कुणी, कुठून, कसं आणलंय ते मला माहीत आहे.

बाबा, चष्म्याचा नंबर बदलला की सगळं नीट दिसेल असं तुम्ही धरून चालता. नंबरचा भाग वेगळा, उजेडाचा वेगळा. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, बाहुली लहान राहते. विशीतल्या डोळ्याच्या पडद्यावर जेवढा प्रकाश पोचतो, त्याच्या साधारण एक तृतीयांशच साठीत पोचतो. म्हणून उजेड जास्त लागतो. पण मोतीबिंदू असलेल्या डोळ्यात तोच उजेड विखुरतो, आणि समोर उघडा बल्ब असला की बाकीचं काही दिसेनासं होतं. तुमच्या एका डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय, तोवर हे दोन्ही सांभाळायला हवं: कामाच्या जागी भरपूर उजेड आणि नजरेच्या रेषेत एकही उघडा दिवा नाही. नुसता जास्त वॉटचा बल्ब लावून हे साधत नाही, त्रास वाढतो.

हॉल आपला 12 बाय 16, म्हणजे साधारण 18 चौरस मीटर. दिवा एकूण किती उजेड देतो ते ल्यूमेनमध्ये मोजतात, आणि एका चौरस मीटरवर किती ल्यूमेन पडतात ते लक्समध्ये. बसण्याउठण्याच्या खोलीला 150 लक्स धरला तर 2700 ल्यूमेन लागतात. मी उजेड छताकडे टाकून खाली आणणार आहे. त्यात निम्मा वाटेत जातो, म्हणून दुप्पट, 5400. पडद्याच्या पेल्मेटवर चार फुटी 20 वॉटच्या दोन एलईडी पट्ट्या, तोंड छताकडे करून, त्यांचे 4000. फोटोंच्या भिंतीवर दोन ब्रॅकेट दिवे, साडेपाच फुटांवर, दुधी काचेचे, प्रत्येकी 800. झाले 5600. आता ट्यूब एकाच भिंतीवर आहे, त्यामुळे त्या भिंतीशी लख्ख आणि सोफ्याच्या कोपऱ्यात संध्याकाळ, असं होतं. छतावरून आलेल्या उजेडात सावल्या मऊ पडतात, माणसाचा चेहरा नीट दिसतो, खोली मोठी वाटते. अट एकच, पेल्मेट आणि छत यांच्यात किमान फूटभर अंतर हवं. ते कमी असलं तर छतावर नुसता पांढरा पट्टा उमटतो. आपल्याकडे तेवढं आहे. छताला मात्र पुन्हा पांढरा हात मारून घेऊ, धुरकट छत उजेड गिळतं.

सगळ्या हॉलभर छतात गोल दिवे बसवायची हल्ली फॅशन आहे, समोरच्यांकडे पाहिलेच असतील. मला ते पटत नाहीत. सोफ्यावर मान टेकली की थेट डोळ्यात येतात, आणि एखादा पंख्याच्या पात्याच्या वर आला की पंखा चालू असेपर्यंत खोली लुकलुकत राहते. आपला पंखा 1200 मिलिमीटरचा, म्हणजे मध्यापासून दोन फुटांपर्यंत पातं फिरतं. तेवढ्या घेऱ्यात छतावर काही लावणार नाही, आणि ब्रॅकेट तर पात्याच्या बरेच खाली आहेत.

झुंबराला 4 वॉटचे मेणबत्तीच्या आकाराचे दुधी बल्ब, 2700 केल्विन. केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा. पारदर्शक काचेचे, आत तार दिसणारे बल्ब फोटोत छान दिसतात, प्रत्यक्षात टोचतात. झुंबराच्या बटणाला उजेड कमी-जास्त करायचा जुना रेग्युलेटर आहे, तो काढून साधं बटण लावतील. डिमेबल नसलेला, म्हणजे उजेड कमी-जास्त न होणारा एलईडी अशा रेग्युलेटरवर गुरगुरतो, लुकलुकतो आणि लवकर जातो. मग बल्बच वाईट असं वाटतं.

रंगाबद्दल आई माझं ऐकणार नाही हे माहीत आहे, तरी सांगते. खोक्यावर ‘कूल डे लाइट’ आणि 6500 लिहिलेलं आपल्याकडे सगळीकडे खपतं, कारण दुकानात ते जास्त लख्ख वाटतं. घरात त्याने माणसं आजारी दिसतात. हॉल आणि झोपायच्या खोल्यांत 3000, स्वयंपाकघरात 4000. एका खोलीत दोन रंग नकोत, वाचायचा दिवा आणि झुंबर तेवढे अपवाद. बाबा, ऑपरेशन झालेल्या डोळ्याला पांढरं जास्त निळसर दिसतं आणि दुसऱ्याला पिवळट, हे तुम्ही मला फोनवर सांगितलं होतंत. त्याची काळजी करू नका, भिंग बदललं की तसंच होतं.

आता ओटा. आई, तुझी ट्यूब तुझ्या पाठीमागच्या भिंतीवर आहे, म्हणून भाजी चिरताना तुझीच सावली विळीवर पडते. तू मग कडेला सरकतेस आणि कंबर दुखते म्हणतेस. कपाटाखाली सहा फुटांची पट्टी बसेल: 24 व्होल्टची, मीटरला 10 वॉट, 1.8 मीटरला 18 वॉट. ड्रायव्हर, म्हणजे घरातली वीज एलईडीला लागेल तशी करून देणारा भाग, 30 वॉटचा घेतलाय. 18 ला 18 चाच घेतला तर तो सतत तापतो आणि आधी तोच जातो. पट्टी कपाटाच्या पुढच्या कडेला, तोंड जरा भिंतीकडे. मागे भिंतीला चिकटवली तर उजेड टाइलवर पडतो आणि काळ्या ग्रॅनाइटमध्ये ठिपक्यांची रांग दिसते. ॲल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये, दुधी झाकणासकट, स्क्रूने पक्की होईल. नुसत्या डिंकावर चिकटवलेली पट्टी वाफेने आणि फोडणीच्या तेलकटपणाने लोंबकळायला लागते. गॅसच्या वर ती येणार नाही आणि ड्रायव्हरही गॅसपासून लांब, कपाटाच्या वर हवेत राहील. झाकण ओल्या फडक्याने पुसायचं, साबणाचं पाणी ओतायचं नाही.

सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचं माप, 90 चं मुद्दाम मागवलंय. साध्या एलईडी बल्बचा 80 च्या आसपास असतो, त्यात रंग फिके पडतात. हळद कशी दिसते याच्याशी मला फारसं देणंघेणं नाही, पण बाबांच्या सकाळच्या फिकट गुलाबी आणि फिकट पिवळ्या गोळ्या त्या उजेडात सारख्या दिसतात. गोळ्यांचा डबा आता ओट्याच्या या टोकाला ठेवायचा, फ्रिजवर नाही.

बाबांच्या खुर्चीशी उभा दिवा येतोय. डाव्या खांद्याच्या जरा मागे ठेवायचा, शेडची खालची कड जमिनीपासून 40 ते 42 इंच, म्हणजे बसल्यावर डोळ्याच्या पातळीला. त्याहून उंच झाला तर आतला बल्ब दिसतो. दिवा निम्म्या अंतरावर आणला की उजेड साधारण चौपट होतो, तेव्हा शब्दकोडं डोळ्यापाशी नेण्यापेक्षा दिवा जवळ ओढा. आडवे शब्द माझे आणि उभे तुमचे ही वाटणी मी विसरलेले नाही. अडलात की फोन करा. मात्र वाचताना हॉलचे दिवे बंद करायचे नाहीत. काळोख्या खोलीत एकटा दिवा लावून वाचलं की मान वर केल्यावर डोळ्यांना जुळवून घ्यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात माणूस उठतो.

रात्रीच्या उठण्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय, सगळी काळजी तिथेच आहे. पलंगापासून संडासापर्यंत चार छोटे दिवे, प्रत्येकी 1 वॉट, जमिनीपासून फूटभर उंच, तोंड खाली. पिवळे, म्हणजे झोप उडणार नाही. माणूस आला की आपोआप लागतील. सेन्सर वाटेच्या बाजूच्या भिंतीवर बसवायचे; समोरून चालत येणारा माणूस त्यांना उशिरा कळतो, आडवा जाणारा लगेच. काकांना हे नेमकं सांगितलंय, तरी बाबा, तुम्ही बघा. दिवा पेटलेला राहण्याची वेळ तीन मिनिटांवर लावायची. चार्जिंगचे दिवे मी घेतले नाहीत, ते कधी संपतात ते कळत नाही. हे वायरचे आहेत आणि इन्व्हर्टरच्या लाइनवर राहतील, म्हणजे लाइट गेली तरी लागतील. संडासात मात्र सेन्सर नको. माणूस स्थिर बसला की सेन्सरला तो दिसत नाही आणि ऐन वेळी अंधार होतो. तिथे एक छोटा दिवा कायम चालू ठेवायचा. आई, तो बंद करायचा नाही.

बिल? चारही दिवे रोज रात्री दहा तास पेटले तरी महिन्याला सव्वा युनिट.

जिन्याला खाली आणि वर टू-वे बटण. वरून लावलेला दिवा खाली आल्यावर बंद करता येईल. आजवर बटण खालीच होतं, म्हणून अंधारात उतरणं व्हायचं. प्रत्येक पायरीच्या कडेला दोन इंचांची फिकट पिवळी खरखरीत पट्टी. शोभा जाईल हे मान्य. करड्या दगडाच्या पायऱ्या उतरताना शेवटच्या दोन एकच वाटतात, आणि मी त्याबद्दल आणखी काही बोलत नाही.

देवघरात काही नवीन नाही. आई, दिवेलागणीला तू आधी नुसती समई ठेवायचीस आणि मग ट्यूब लावायचीस, ती दोन मिनिटं मला अजून फार आवडतात. तिथे 2700 चा एक लहान दिवा, देव्हाऱ्याच्या बाहेर, वरून. देव्हाऱ्याच्या बंद लाकडी पेटीत बल्ब कोंडायचा नाही. त्याच कारणाने व्हरांड्यातल्या बंद काचेच्या गोळ्यातला बल्ब सारखा जातो: हवा नसली की आतला ड्रायव्हर शिजतो. तिथे वेगळा दिवा येतोय. सरकारच्या उजाला योजनेतले जुने 9 वॉटचे बल्ब फेकत नाही, आई. माळ्यावर आणि मागच्या खोलीत चालतील.

न्हाणीघरातला बल्ब बटण बंद केल्यावरही मिणमिणतो, त्याचं कारण बहुधा जुन्या वायरिंगमध्ये आहे. बटण फेजऐवजी (वीज येते ती तार) न्यूट्रलवर (परत जाते ती) जोडलेलं असलं की बंद असतानाही होल्डरमध्ये फेज राहते आणि एलईडी तेवढ्यावरही मंद पेटतो. बटणातल्या लाल इंडिकेटरमुळेही तसं होतं. काका बटण बंद ठेवून होल्डरला टेस्टर लावतील. पेटला तर बटण फेजवर घेतील. तोवर तो बल्ब ओल्या हाताने काढायचा नाही. खरं तर कोरड्याही नाही. मीटरपाशी 30 मिलिॲम्पियरची आरसीसीबी बसेल, म्हणजे वीज कुठे गळली की लगेच पुरवठा तोडणारी पेटी. तिच्यावर ‘टी’ लिहिलेलं बटण असतं, महिन्याच्या एक तारखेला दाबायचं, घरातली वीज बंद झाली पाहिजे. एरवी आरसीसीबी आपोआप बंद पडली तर कुणाचं तरी ऐकून ती बायपास करायची नाही, आधी मला फोन.

बाकी सूचना अशा. बाबा, स्टुलावर चढायचं नाही. ‘एकच बल्ब तर आहे’ हे कारण चालणार नाही. पेल्मेटवरची धूळ दिवाळीला दादा काढेल. काकांना चहा द्या, पण ‘इतकं कशाला, राहू दे ते’ असं म्हणून माझी यादी कमी करू नका. यादीची एक प्रत त्यांच्याकडेही आहे. आठवडाभर राहून बघा. एखादा दिवा डोळ्यात टोचला किंवा एखाद्या कोपऱ्यात कमी वाटलं तर स्पष्ट सांगा, बदलता येतं. सवय होईल म्हणून सोसत बसू नका.

मी तिथे असते तर हे सगळं कधीच झालं असतं, हे तुम्ही बोलत नसलात तरी मला कळतं. गणपतीत येते आहे.

तुमची,
छोटी

ता. क. : पैशांचा विषय फोनवर काढायचा नाही. दादाने आणि मी अर्धे-अर्धे केलेत.