‘जाऊ मी सिनेमात?’ पुन्हा छापा : मराठी भाषा मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय मराठी भाषा मंत्री,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. यंदा बारावीतली एक मुलगी तास संपल्यावर मागे थांबली. मालिकेत काम मिळवून देतो म्हणणाऱ्या कुणीतरी तिच्या वडिलांकडे पैसे मागितले होते. घरात रोज भांडणं. तिनं मला विचारलं, “मॅडम, जाऊ का मी?”

तिच्या तोंडून हा प्रश्न आला आणि मला एक पुस्तक आठवलं, ज्याचं नावच हा प्रश्न आहे. ‘जाऊ मी सिनेमात?’ लेखिका शांता आपटे, प्रकाशन १९४०. त्या मुलीच्या हातात ते पुस्तक ठेवावं असं फार वाटलं. ठेवता आलं नाही, कारण ते कुठेच मिळत नाही. म्हणून आपल्याला लिहायला बसले.

शांताबाई आमच्याच जिल्ह्यातल्या. १९१६ साली अक्कलकोट तालुक्यातल्या दुधनीत जन्म. वडील रेल्वेत स्टेशनमास्तर. गळा लहानपणापासून तयार, पंढरपूरला गाण्याचं शिक्षण झालं. १९३२ मध्ये भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये त्या राधा झाल्या, तेव्हा जेमतेम सोळा वर्षांच्या होत्या. पुढे पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीत ‘अमृतमंथन’ आणि ‘अमरज्योती’ हे चित्रपट आले. ‘सुनो सुनो बन के प्राणी’ हे गाणं आमच्या आजीच्या पिढीला तोंडपाठ होतं. तोवर पडद्यावरच्या गायिका बहुतेक एका जागी उभ्या राहून गात. शांताबाई हात, मान, डोळे सगळं मोकळं सोडून गायच्या. गाणं आणि अभिनय त्यांनी वेगळे ठेवलेच नाहीत.

आणि मग १९३७ चा ‘कुंकू’. व्ही. शांताराम यांचं दिग्दर्शन, ना. ह. आपटे यांची कथा, केशवराव भोळे यांचं संगीत. मामानं फसवून म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधलेली नीरा. ती रडत बसत नाही. हे लग्न मला मान्य नाही, असं त्याच घरात राहून रोज दाखवून देते. अंगचटीला येणाऱ्या सावत्र मुलाला छडीनं फोडून काढते. म्हाताऱ्याच्या भूमिकेत केशवराव दाते आहेत, आणि त्यांच्या तोडीस तोड उभी राहणारी ही एकवीस वर्षांची मुलगी! मी हा चित्रपट वर्गात दाखवते. दर वर्षी त्या छडीच्या प्रसंगाला मागच्या बाकांवरून टाळ्या पडतात. नव्वदीला टेकलेल्या चित्रपटाला सतरा वर्षांच्या पोरींनी दिलेली ही दाद आहे, साहेब, आणि ती मी कानांनी ऐकलेली आहे.

मात्र हे पत्र नीरेसाठी नाही. नीरेची आठवण ठेवणारे पुष्कळ आहेत. नीरा साकारणाऱ्या बाईनं पुढे जे केलं, त्याची आठवण फार थोड्यांना आहे.

१९३९ मध्ये कराराच्या वादातून शांताबाई प्रभात स्टुडिओच्या दारात उपोषणाला बसल्या. देशातली आघाडीची नटी, ज्या संस्थेनं नाव मिळवून दिलं तिच्याच फाटकावर. वादात कोण किती बरोबर होतं याचा निवाडा मी करणार नाही. प्रभातनं मराठी माणसाला काय दिलं हे मी जाणते, आणि शांताबाईही ते जाणत असणारच. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की करार म्हणजे काय, त्यात आपण किती अडकतो आणि आपल्या श्रमाची किंमत कोण ठरवतं, हे प्रश्न एका अभिनेत्रीनं त्या काळात उघड्यावर आणले. स्टुडिओचा महिन्याचा पगार आणि वर्षांचं बंधन हीच तेव्हाची रीत होती. सिनेमात काम करणाऱ्यांना लेखी करार मिळायला हवा असं सांगणारा केंद्राचा कायदा आला १९८१ मध्ये. म्हणजे त्या उपोषणानंतर ४२ वर्षांनी.

प्रभात सोडल्यावर त्यांनी लेखणी उचलली. पुढच्याच वर्षी हे पुस्तक आलं. नटीनं लिहिलेलं म्हटल्यावर लोक आठवणी शोधतात, किस्से शोधतात. तसलं यात फारसं काही नाही. सिनेमात येऊ पाहणाऱ्या मुलींशी शांताबाई यात बोलतात. हा धंदा आहे, तो भांडवलावर चालतो, इथं तुझा चेहरा आणि तुझा गळा विकत घेतला जातो, तेव्हा डोळे उघडे ठेवून ये, असा त्या बोलण्याचा रोख आहे. मराठी अभिनेत्रींच्या आत्मपर लेखनाची चर्चा आपण हंसा वाडकर आणि दुर्गा खोटे यांच्यापासून सुरू करतो. शांताबाईंचं पुस्तक हंसाबाईंच्या पुस्तकाच्या ३० वर्षं आधीचं आहे. मराठी बाईनं स्वतःच्या कामाकडे कामगाराच्या नजरेनं पाहून इतक्या लवकर लिहिलेलं दुसरं पुस्तक माझ्या वाचनात नाही.

मी ते एकदाच वाचलं. एका मोठ्या शहरातल्या जुन्या ग्रंथालयात, अकरा वर्षांपूर्वी. पान उलटताना कडा तुटून मांडीवर पडत होत्या. छायाप्रत काढायला परवानगी नव्हती, म्हणून दोन दिवस बसून वहीत टिपणं घेतली. तीन वर्षांनी पुन्हा गेले तेव्हा नोंदवहीत त्या पुस्तकासमोर ‘जीर्ण, बाद’ असा शेरा होता. कुणावर राग काढू? तिथल्या माणसांनी नियमाप्रमाणेच केलं. पण परतीच्या गाडीत मला रडू आलं, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

आता मुद्द्याचं. शांताबाई गेल्या २४ फेब्रुवारी १९६४ रोजी, अंधेरीत, पन्नाशीही न गाठता. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं लेखनहक्क (कॉपीराइट) चालतो. म्हणजे २०२४ संपलं तसा या पुस्तकावरचा हक्क संपला आणि १ जानेवारी २०२५ पासून ते सगळ्यांचं झालं. त्यांच्या कुटुंबीयांना सन्मानानं कळवावं, त्यांना प्रस्तावनेत बोलायला बोलवावं, हे झालंच पाहिजे. पण परवानगीसाठी अडून राहण्याचं कारण आता उरलेलं नाही.

महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ आपल्याच खात्याकडे आहे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्यापासून चालत आलेली ही संस्था दुर्मीळ पुस्तकं पुन्हा छापते, ती संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवते. माझे कितीतरी विद्यार्थी तिथूनच पुस्तकं उतरवून घेतात. या पुस्तकाची एक धड प्रत मिळवा, पानं स्कॅन करून घ्या, जाणकाराकडून टिपा लिहून घ्या आणि छापा. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आमच्या महाविद्यालयात पेढे वाटले गेले. त्या आनंदात मीही होते. पण ८५ वर्षांपूर्वीचं पुस्तक वाचवता येत नसेल तर दोन हजार वर्षांच्या वारशाचं आम्ही मुलांना काय सांगायचं?

घाई करा, असं मी मुद्दाम म्हणते. पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी लागलेल्या आगीत शेकडो जुन्या चित्रपटांची, चटकन पेट घेणारी नायट्रेट रिळं जळून गेली. आगीचा धूर तरी लोकांना दिसतो. कागद कपाटातल्या कपाटात संपतो, आणि ते कळतंही उशिरा.

आणखी एक विनंती, आपल्या अखत्यारीबाहेरची. प्रभातच्या त्या आवारात १९६० पासून केंद्र सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथं दर वर्षी देशभरातून मुली अभिनय शिकायला येतात. १९३९ मध्ये इथं शांता आपटे उपोषणाला बसल्या होत्या, एवढा एक फलक तिथं लागावा, असं आपण केंद्राला लिहाल का? केरळ सरकारनं सिनेमातल्या स्त्रियांच्या परिस्थितीसाठी २०१७ मध्ये न्यायमूर्ती हेमा समिती नेमली, तिचा अहवाल २०२४ मध्ये लोकांसमोर आला. तो वाचताना मला पदोपदी शांताबाईंच्या पुस्तकाची आठवण येत होती.

त्या मुलीला मी काय सांगितलं, हे आपण विचाराल. पैसे देऊ नका म्हणाले, आणि माझ्या त्या वहीतली टिपणं वाचायला दिली. तिनं ती दोन दिवसांत परत आणली आणि विचारलं, “मॅडम, पूर्ण पुस्तक कुठे मिळेल?”

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,

आपली नम्र,
एक मराठीची शिक्षिका, सोलापूर जिल्हा