काका, हबवर ठेवलेला तो हात

तीर्थस्वरूप काकांना,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "अरे, त्यात काय" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहितोय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय.

जुलैतल्या त्या शनिवारी मिशिगनमधल्या होटन लेकला जाताना आय-७५ महामार्गावर आमच्या बोटीच्या ट्रेलरचा उजवा टायर फुटला. शेजारून ट्रक गेला की अख्खी बोट थरथरायची, धाकटी रडायला लागली होती. टायर वर्षभरापूर्वीच घेतलेले. त्या दुकानाला फोन केला तर "वजन जास्त भरलं असेल" एवढं सुनावून त्यांनी ठेवून दिला. मंडळाच्या ग्रुपवर कुणीतरी तुमचा नंबर दिला. तुम्ही मला ओळखतही नव्हता, तरी तासाभरात हजर.

खडीवर गुडघे टेकून तुम्ही टायर वाचलात. मापाच्या आधी 'पी', म्हणजे कारचा टायर. ट्रेलरला 'एसटी', म्हणजे 'स्पेशल ट्रेलर' लागतो, त्याची बाजूची भिंत कडक असते. मडगार्डवरच्या धुळीत बोटानं गणित मांडलंत: कारच्या टायरची क्षमता १५२१ पाउंड, ट्रेलरला लावताना १.१ ने भागायची, उरले १३८३. आमच्या दर चाकावर भार दीड हजाराचा! आणि टायरवरच्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे २७१७, म्हणजे २०१७ सालचा २७ वा आठवडा. नवे म्हणून आमच्या गळ्यात मारलेले टायर इतके जुने होते. माप जुळतंय ना, मग झालं, असं म्हणणाऱ्या त्या टायरवाल्याला माझी मुलं मागे बसतात हे दिसत होतं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

पुढची धावपळ सांगत बसत नाही. वेस्ट ब्रँच गावात दोन्ही टायर बदलले, स्टेपनीही. तिथला दुकानदार लोड रेंज (भार पेलायची श्रेणी) डी दाखवत होता, तुम्ही रिमवरचा शिक्का बघून सी वरच थांबलात: १७६० पाउंड, हवा ५० पीएसआय. महागडं गळ्यात मारायचा मोह तुम्ही दुसऱ्यालाही होऊ दिला नाहीत.

पण मला आठवतो तो त्यानंतरचा क्षण. तुम्ही दहा मैल आमच्या मागून गाडी आणलीत, थांबायला लावलंत, हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या, बेअरिंग असलेल्या भागाला, तळहाताची मागची बाजू लावलीत. मग माझा हात धरून तिथे टेकवलात. "एवढं कोमट असलं तर चालायचं. चटका बसला तर बेअरिंग बघायचं, आणि गरम हब पाण्यात घालायचा नाही. आत पाणी ओढून घेतो."

चाळिशी ओलांडलेल्या माणसाचा हात असा कुणी धरत नाही, काका. इतक्या तासांत "बघून घ्यायला नको होतं का?" हे वाक्य तुमच्या तोंडून एकदाही आलं नाही. माणसाला ओशाळं न करता शहाणं करणं फार थोड्यांना जमतं. बाबा असेच होते.

परवा पुन्हा निघालो होतो. पेट्रोलला थांबल्यावर मी उतरायच्या आत धाकटी धावली आणि हबला उलटा हात लावून ओरडली, "बाबा, कोमट आहे!"

तुमचा,
ट्रेलरवाला