कॉलेजच्या सॅकमध्ये पिस्तूल नकोच

मा. संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की अमेरिकेत कॉलेजात लायसन्सचं पिस्तूल लपवून जवळ ठेवता येतं, तसं आपल्याकडं पण करा, म्हणजे पोरींच्या वाटेला जायची कुणाची हिंमत होणार नाही. त्यांची कळकळ खरी आहे, मुलगी संध्याकाळी क्लासवरून घरी येईपर्यंत आईबापाचा जीव टांगणीला असतो, हे सांगलीत काय नि साताऱ्यात काय सगळीकडं सारखंच. पण उपाय मला अजिबात पटला नाही. मी सांगलीतल्या एका कॉलेजात बरीच वर्षं शिकवलं आणि सोबत एनसीसीचं काम बघितलं, त्यामुळं अठरा-वीसच्या पोरांच्या हातात बंदूक दिल्यावर काय होतं ते जवळून बघितलंय, म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे सगळ्या अमेरिकेत असं नाहीये, प्रत्येक राज्याचं वेगळं आहे. टेक्सासमध्ये 1 ऑगस्ट 2016 पासून सरकारी विद्यापीठांत लायसन्सवाल्याला पिस्तूल नेता येतं, ते पण कपड्याखाली झाकून, कंबरेला उघडं लावून नाही. आणि तारीख बघा, त्याच्या बरोब्बर 50 वर्षं आधी, 1 ऑगस्ट 1966 ला टेक्सासमधल्याच ऑस्टिनच्या विद्यापीठाच्या टॉवरवर चढून एका विद्यार्थ्यानं खालून चाललेल्या लोकांवर गोळ्या झाडल्या होत्या. खाजगी विद्यापीठांना नको म्हणायची मुभा होती, तर राईस विद्यापीठासारख्या जवळजवळ सगळ्यांनी नकोच म्हटलं. ऑस्टिनच्या तीन प्राध्यापिका कोर्टात गेल्या, आमच्या वर्गात पिस्तूल असलं तर पोरं वादाच्या विषयावर मोकळं बोलणार कशी असं त्यांचं म्हणणं होतं, पण केस टिकली नाही.

आता कॉलेजात पिस्तूल असावं म्हणणाऱ्यांचा सगळ्यात मोठा मुद्दा म्हणजे अमेरिकेतलं व्हर्जिनिया टेक विद्यापीठ. 16 एप्रिल 2007 ला तिथं एका विद्यार्थ्यानं गोळ्या घालून 32 जणांना मारलं, त्यात आपल्या मुंबईची एक मुलगी होती आणि तमिळनाडूचे एक प्राध्यापक होते. तिथं शस्त्रबंदी होतीच, मारणाऱ्यानं ती थोडीच पाळली, वर्गात एकाकडं जरी पिस्तूल असतं तर, असं ते म्हणतात. हा प्रश्न मी उडवून लावणार नाही, ज्यांची लेकरं गेली ती माणसं असं विचारणारच.

पण पुढं काय काय झालं ते पण बघा. 2015 च्या ऑक्टोबरात ओरेगॉन राज्यातल्या अम्पक्वा कॉलेजात गोळीबारात नऊ जण मारले गेले, तेव्हा त्या आवारात लायसन्सचं पिस्तूल जवळ असलेला एक माजी सैनिक होता. तो हल्लेखोराकडं धावला नाही, कारण आपण पिस्तूल काढून पळत गेलो तर पोलीस आपल्यालाच हल्लेखोर समजतील अशी त्याला भीती होती, आणि ती भीती काय चुकीची नव्हती, 2021 ला कोलोरॅडो राज्यात एका माणसानं खरंच हल्लेखोराला गोळी घालून थांबवलं आणि मागून आलेल्या पोलिसानं त्यालाच मारलं. टेक्सासमधल्याच उवाल्डेच्या शाळेत 2022 ला 19 लहान पोरं आणि दोन शिक्षिका गेल्या, पोलीस नि बाकीचे मिळून 376 जण तिथं आले होते, तरी तासाभरापेक्षा जास्त वेळ हल्लेखोराच्या वर्गात कुणी शिरलं नाही. ट्रेनिंग घेतलेली, पगार घेणारी माणसं तिथं थिजली, आणि आपण बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाच्या पोरानं नेम धरावा म्हणतोय?

आमच्या फायरिंगचा दिवस सांगतो. रायफली सही करून आणायच्या, गोळ्या मोजून घ्यायच्या, पोरगं पालथं झोपून पंचवीस यार्डावरच्या कागदावर पाच गोळ्या मारतं, समोरून कुणी धावून येत नसतं, कोण किंचाळत नसतं, शेजारी जवान बसून हळूच सांगत असतो श्वास रोख म्हणून, आणि एवढं असून पहिल्या गोळीला हात थरथरतो, परेडला एक नंबर असलेल्या पोरांच्या गोळ्या कागदाला पण शिवत नाहीत. संपल्यावर रिकाम्या पुंगळ्या मोजून जमा करायच्या, एक जरी कमी भरली तरी सगळे गवतात वाकून शोधत बसणार, ती सापडेपर्यंत कुणी हलायचं नाही. एका रिकाम्या पुंगळीला एवढी शिस्त लागते साहेब. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात तर 2014 ला कॉलेजात पिस्तूल न्यायचा कायदा आला आणि दोनेक महिन्यांत एका प्राध्यापकाच्या खिशातलं पिस्तूल भर वर्गात उडालं, गोळी त्याच्याच पायात.

आणि मला खरी काळजी हल्ल्याच्या दिवसाची नाहीच, बाकीच्या सगळ्या दिवसांची आहे. गॅदरिंगला कोण कुणाला धक्का मारतो, स्टेटसवरून गेटबाहेर दोन गट हातघाईवर येतात, दुसऱ्या दिवशी तीच पोरं एका गाडीवर ट्रिपल सीट फिरताना दिसतात. कारण हातात फक्त हात होते. त्याहून वाईट होस्टेलच्या खोलीतलं. अमेरिकेत बंदुकीनं जे जीव जातात त्यातले निम्म्याहून जास्त आत्महत्येचे असतात, आणि बंदूक वापरली की दहातले जवळपास नऊ वाचत नाहीत. आमचा एक विद्यार्थी निकालाच्या रात्री अगदी टोकाला गेला होता, रूममधल्या पोरांना शंका आली, त्यांनी त्याला रात्रभर एकटं सोडलं नाही, सकाळी गावाकडनं वडील आले आणि मिठी मारून रडले. आज तो मुलगा नोकरी करतोय, लग्न झालंय. त्याच्या ट्रंकेत पिस्तूल असतं तर मित्रांना ती रात्र मिळालीच नसती.

आपला कायदा ह्या बाबतीत शहाणा आहे. 1959 च्या शस्त्र कायद्यात 21 वर्षांच्या आत लायसन्स नाही, आणि लायसन्सच्या अटीतच आहे की खास परवानगी असल्याशिवाय जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत किंवा शिक्षणसंस्थेच्या आवारात शस्त्र न्यायचं नाही. 2019 ला तर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतील असं केलं. हे कुणी सैल करायला निघालं तर आपण पालकांनीच आडवं पडायला पाहिजे.

नेमबाजीला माझा विरोध नाही बरं का, शेजारच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकला ब्राँझ आणलेला स्वप्नील कुसाळे, ह्यांचा आम्हाला अभिमानच आहे, पोरापोरींना रेंजवर जरूर पाठवा. पण रेंजवर.

पोरींच्या सुरक्षेसाठी मागायचं तर हे मागूया: कॉलेज नि क्लास सुटायच्या वेळेला निर्भया पथकाची फेरी, होस्टेलच्या रस्त्याला लाईट, तक्रार केलेल्या मुलीलाच दटावणार नाही अशी समिती, आणि प्रत्येक कॉलेजात पूर्ण वेळ समुपदेशक, नुसता नावाला नको. तोपर्यंत टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा, 14416 नंबर प्रत्येक होस्टेलच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा, त्याला काय खर्च येत नाही. मागच्या पत्राचे लेखक ह्या मागण्या घेऊन कॉलेजात जाणार असतील तर मी त्यांच्यासोबत यायला तयार आहे, संपादकांनी माझा नंबर त्यांना जरूर द्यावा.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, विश्रामबाग, सांगली