हुंकार द्यायला माणूस नेमा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

उन्हाळ्याच्या तोंडावर आपल्या दैनिकात व्याख्यानमालांच्या बातम्या येऊ लागतात आणि हल्ली त्यांच्या शेवटी एक वाक्य ठरलेले असते: 'व्याख्यानाचे यूट्यूबवरून थेट प्रक्षेपण होईल.' ते वाचून यंदा मी तीन गावांच्या मालांची प्रक्षेपणे घरी बसून पाहिली. तिन्हीकडे मोबाइल सभागृहाच्या मागच्या भिंतीला स्टँडवर लावलेला. वक्ता करंगळीएवढा दिसतो आणि त्याच्या बोलण्यापेक्षा छताचे पंखे जास्त ऐकू येतात. एका गावी कुणी गृहस्थ मोबाइलच्या पुढ्यातच खुर्ची ओढून बसले. पुढचा दीड तास पडद्यावर त्यांची पाठ होती. खाली लोक लिहीत होते, 'काही दिसत नाही', 'आवाज वाढवा'. ते वाचायला तिकडे कुणीही नव्हते. त्यासाठीच हे पत्र.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका 'ब' वर्ग सार्वजनिक ग्रंथालयात एकतीस वर्षे ग्रंथपाल आहे. आमची माला सात दिवसांची, मे महिन्यातली. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिच्याकडे पाहून महाराष्ट्रात गावोगावी ज्या माला उभ्या राहिल्या, त्यांतलीच ही एक. २४ मार्च २०२० च्या रात्री टाळेबंदी लागली तेव्हा आमच्या सातही वक्त्यांची होकाराची पत्रे आलेली होती. कार्यकारिणीतले बहुतेक जण 'या वर्षी राहू दे' म्हणाले. मी हट्टाने झूमवर करायला लावली.

पहिला दिवस फसला. झूमची फुकट सभा ४० मिनिटांनी आपोआप बंद होते, हे आमच्यापैकी कुणालाही माहीत नव्हते. पुण्याचे वक्ते ऐन रंगात आले आणि पडदा गेला. साठेक श्रोते होते, पुन्हा जोडून घेतल्यावर परतले वीस-पंचवीस. पण मला त्याहून लागले ते रात्री वक्त्यांनी फोनवर सांगितलेले. ते म्हणाले, "बाई, मी चाळीस वर्षं भाषणं करतोय, पण आज विहिरीत तोंड घालून बोलल्यासारखं वाटलं. कुणाचा हुंकारच नाही."

आपल्याकडे गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो. आजी गोष्ट सांगताना मध्येच थांबायची ती आम्ही 'हं' म्हणतो की नाही ते पाहायला. कीर्तनकाराला टाळकऱ्यांची साथ असते. ऑनलाइन कार्यक्रमात आपण सगळ्यांचे माइक बंद करतो, कॅमेरेही बंद असतात, आणि वक्त्यासमोर उरतात काळे चौकोन. दुसऱ्या दिवशी मी सहा जणांना फोन करून विनवले की कॅमेरा चालू ठेवा, वक्त्याकडे पाहत बसा, पटले तर मान हलवा. त्यांत दोन आमच्या वाचक भगिनी होत्या, एक बँकेतून निवृत्त झालेले काका होते. त्या संध्याकाळचे भाषण ठरल्यापेक्षा वीस मिनिटे जास्त चालले आणि कुणी उठले नाही. तेव्हापासून आमच्या मालेत हे सहा 'हुंकारी' आधी ठरतात, मग पत्रिका छापायला जाते.

हुंकार वक्त्याला लागतो तसा पलीकडच्या श्रोत्यालाही लागतो. आमचे एक जुने सभासद, मला सातवीत मराठी शिकवलेले सर, खुब्याचे हाड मोडल्यापासून अंथरुणावर आहेत. वय चौऱ्याऐंशी. मी त्यांच्याकडे एकदा माला चालू असताना गेले होते. उशाशी स्टूल, स्टुलावर पाण्याचा तांब्या, तांब्याला टेकून उभा केलेला नातवाचा मोबाइल. सरांनी डावा हात कानामागे धरला होता. "पोरी, ओठ हलताना दिसतात गं, शब्द येत नाहीत," म्हणाले. २०२२ साल होते ते. सभागृह पुन्हा उघडले होते आणि आम्हीही इतरांसारखा मोबाइल मागच्या भिंतीला लावून मोकळे झालो होतो. सर चार दिवस तसेच पाहत होते. तक्रार सांगायची कुणाला, हे त्यांना कळत नव्हते.

पाचव्या दिवशी आमच्या साऊंडवाल्याने मिक्सरमधून एक वायर काढून थेट लॅपटॉपला जोडून दिली. वक्त्याच्या माइकचा आवाज आता हवेतून न येता तारेतून जातो. पंखे नाहीत, खोकला नाही, खुर्च्यांची खरखर नाही. ती वायर आणि तिची जोडणी व्यासपीठावरच्या हारतुऱ्यांपेक्षा स्वस्त पडली. चित्र थोडे धूसर असले तरी लोक ऐकत राहतात, आवाज गेला की दोन मिनिटांत उठून जातात, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. भारी कॅमेऱ्यासाठी देणगी मागणाऱ्या मंडळांना माझे सांगणे आहे, आधी आवाजाचे पाहा.

तालमीबद्दलही लिहिले पाहिजे. नाटकाची रंगीत तालीम होते, मग ऑनलाइन भाषणाची का नको? वक्ता घरून बोलणार असेल तर आदल्या दिवशी, त्याच वेळेला, त्याच खोलीत, त्याच फोनवर दहा मिनिटे बसायचे. सकाळी अकराची तालीम संध्याकाळी सहाच्या कार्यक्रमाला उपयोगी पडत नाही. सहाला पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येते आणि वक्त्याचा चेहरा काळा पडतो. सहाला शेजारी कुकर लागतो. सगळी सोसायटी इंटरनेटवर असते ती वेळही हीच. हे सगळे आदल्या दिवशी कळले की खुर्ची फिरवता येते, वायरचा इअरफोन शोधून ठेवता येतो. २०२१ मध्ये आम्ही झूमवरून यूट्यूबवर गेलो तेव्हा तालीम केली म्हणूनच वाचलो. नव्या चॅनेलला थेट प्रक्षेपण सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, ते आदल्या संध्याकाळी लक्षात आले. कार्यक्रमाच्या दिवशी कळले असते तर लोकांना सांगायला तोंड उरले नसते.

एक गोष्ट मात्र तालमीतही सुटली. लाईट गेले. सभागृहाला इन्व्हर्टर आहे, दिवे लागले, माइक चालू राहिला, समोरच्या श्रोत्यांना कळलेही नाही. राउटर होता माझ्या ऑफिसातल्या साध्या प्लगवर. पलीकडचे सगळे श्रोते अंधारात. आता मालेच्या आठवड्यात राउटर व्यासपीठाशेजारी, इन्व्हर्टरच्या बोर्डावर असतो आणि शिवाय एक मोबाइल हॉटस्पॉटसाठी चार्ज करून ठेवलेला असतो.

निमंत्रणाची चूक तर सर्रास दिसते. सुंदर रंगीत पोस्टर, वक्त्याचा फोटो, आणि खाली चित्रातच छापलेली लिंक. तिच्यावर कितीही बोट दाबले तरी काही उघडत नाही. ती अक्षरे पाहून टाइप करणे सत्तरीच्या माणसाला कसे जमावे? लिंक मजकुरात द्या, पहिल्या ओळीत द्या आणि सातही दिवस एकच ठेवा. आम्ही सकाळी दहाला आणि सुरुवातीच्या पंधरा मिनिटे आधी, असे दोनच निरोप पाठवतो.

सत्कारांबद्दल लिहिते, कुणी रागावू नये. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, परिचय, देणगीदारांची नावे यांत सभागृहात अर्धा तास जातो. तो तिथे शोभतोही, माणसे एकमेकांना भेटत असतात. पण घरी पडद्यासमोर बसलेल्याला त्यात जागा नाही. आम्ही प्रक्षेपण व्याख्यानाच्या पाच मिनिटे आधी सुरू करतो आणि सत्काराचे फोटो नंतर पाठवतो. देणगीदारांपैकी कुणीही नाराज झालेले नाही. त्या पाच मिनिटांत पूर्वी आम्ही एका जुन्या अभंगाची ध्वनिमुद्रिका लावत असू. कॉपीराइटचा दावा आला आणि यूट्यूबने तेवढ्या भागाचा आवाज बंद केला. आता गावातल्या शाळेची मुले समोर उभी राहून ईशस्तवन म्हणतात.

आमच्या गावच्या मुली-मुलगे परदेशीही आहेत. आपल्याकडे संध्याकाळचे सहा म्हणजे न्यूजर्सीत उन्हाळ्यात सकाळचे साडेआठ. कामाच्या दिवशी कुणाला जमणार? म्हणून मालेचा रविवार आम्ही त्यांच्या आवडीच्या विषयाला देतो आणि निरोपात दोन्हीकडची वेळ लिहितो.

आता मुख्य मागणे. प्रत्येक मालेने पलीकडच्या श्रोत्यांसाठी एक माणूस नेमावा आणि त्याला दुसरे कोणतेही काम देऊ नये. हार आणणे नाही, चहा पाहणे नाही. त्याने कानाला इअरफोन लावून घरच्या श्रोत्याला जे ऐकू येते तेच ऐकायचे. आलेले प्रश्न वहीत उतरवायचे, विचारणाऱ्याचे नाव घेऊन वाचायचे. यूट्यूबवर चित्र वीस-तीस सेकंद उशिरा पोचते, त्यामुळे 'काही प्रश्न?' विचारून लगेच आभाराला उभे राहिले तर पलीकडच्यांना प्रश्न विचारायला वेळच मिळत नाही. आमच्याकडे हे काम बारावीतली एक मुलगी करते. तिने पहिल्यांदा सरांचे नाव घेऊन त्यांचा प्रश्न वाचला तेव्हा सभागृहातल्या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मागे वळून मोबाइलकडे पाहिले. सरांनी ते घरी पाहिले. दुसऱ्या दिवशी त्यांनी नातवाकडून तीन प्रश्न लिहून पाठवले.

आपणाला एक विनंती. आपल्या 'आजचे कार्यक्रम' या सदरात स्थळ आणि वेळ असते, तिथेच कार्यक्रम घरून ऐकता येईल का आणि अडचण आल्यास कोणत्या क्रमांकावर फोन करायचा, एवढे छापावे. क्रमांक द्यावा लागला की मंडळांना तो फोन उचलणारा माणूसही नेमावा लागेल.

जवळपासच्या ग्रंथालयांच्या कार्यकर्त्यांना आमची तालीम पाहायची असेल तर जरूर यावे. मालेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सहाला असते. साऊंडवाला वायर कशी जोडायची ते हाताने दाखवतो.

आपली,
एक ग्रंथपाल, जि. सातारा