नरक म्हणजे आगच का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अभिजात साहित्यातील नरकवर्णनांवर आलेला लेख वाचला. लेखकाचा व्यासंग जाणवतो. तथापि ग्रीक कवी होमरपासून इंग्रज कवी मिल्टनपर्यंत सर्वांचा नरक म्हणजे ज्वाळाच, हे त्यांचे विधान मूळ काव्यांशी जुळत नाही.

होमरच्या ‘ओडिसी’च्या अकराव्या सर्गात मृतांच्या लोकात गेलेला काव्यनायक ओडिसियस आपल्या मृत आईच्या छायेला तीनदा मिठी मारू पाहतो आणि तिन्ही वेळा ती त्याच्या हातांतून निसटते. तिथले दुःख भाजण्याचे नाही, स्पर्शही न होण्याचे आहे. मिल्टनच्या ‘पॅरडाइज लॉस्ट’मध्ये (१६६७) आग आहे खरी, पण ती उजेड देत नाही, तिच्यामुळे दिसतो तो अंधारच.

इटालियन कवी दान्ते आपल्या ‘डिव्हाइन कॉमेडी’त स्वतःच नरकातून तळापर्यंत प्रवास करतो. त्याच्या नरकातही जळती थडगी आणि उकळते डांबर आहे, त्यामुळे लेखकाची गफलत समजण्याजोगी आहे. परंतु नवव्या, म्हणजे सर्वांत खालच्या वर्तुळात, जिथे विश्वासघातकी माणसे आहेत, तिथे आग नावालाही नाही. तिथे गोठलेले सरोवर आहे आणि ते गोठले आहे ते छातीपर्यंत बर्फात रुतलेल्या सैतानाच्या पंखांच्या वाऱ्याने. तेहेतिसाव्या सर्गात आपल्याच आप्तांना जेवायला बोलावून ठार करवणारा एक धर्मबंधू भेटतो. त्याचे अश्रू डोळ्यांच्या खोबणीतच गोठतात, त्यामुळे रडण्याचीही सोय उरत नाही. डोळ्यांवरचा बर्फ काढा, अशी तो विनवणी करतो. तू कोण ते सांग, मग काढतो, नाही काढला तर मी बर्फाच्या तळाशी जाईन, असे दान्ते म्हणतो. आणि तळाशी तर त्याला जायचेच असते! हकिकत ऐकून झाल्यावर तो बर्फ काढत नाही, उलट अशा माणसाशी असभ्य वागणे हेच सौजन्य होते, असे ऐकवतो. विश्वासघातक्यांच्या वर्तुळात कवीने स्वतःलाही शब्द मोडताना दाखवावे, हे मला त्या वर्णनातील सर्वांत भयंकर वाटते.

इथे महाभारतातील स्वर्गारोहणपर्वाची आठवण होते. स्वर्गात दुर्योधनाला पाहून अस्वस्थ झालेला युधिष्ठिर भावंडांचा शोध घेतो, तेव्हा देवदूत त्याला दुर्गंधीने भरलेल्या, प्रेतांनी अडलेल्या वाटेने नेतो. तो परत फिरणार, तोच अंधारातून आर्जवे ऐकू येतात, कारण त्याच्या अंगावरून येणाऱ्या वाऱ्याने तिथल्या जिवांना क्षणभर बरे वाटलेले असते. आवाज आपल्याच भावांचे आणि द्रौपदीचे आहेत हे कळल्यावर तो देवदूताला परत पाठवतो आणि स्वतः तिथेच थांबतो. पुढे ते सारे मायेने दाखवलेले होते असे उघड होते. त्याने थांबायचे ठरवले, तेव्हा मात्र त्याला हे ठाऊक नव्हते.

एकाने दिलेला शब्द मोडला, दुसऱ्याने न मागता मिळालेला स्वर्ग बाजूला ठेवला. नरकात गेलेला जिवंत माणूस तिथे कसा वागतो, हा प्रश्न या दोन्ही ठिकाणी शिक्षेच्या वर्णनाहून मोठा आहे आणि लेखात त्याचा उल्लेखही नाही.

लेखासोबतच्या चित्रांविषयीही एक सूचना करावीशी वाटते. फ्रेंच चित्रकार गुस्ताव दोरे याने १८६१ मध्ये दान्तेच्या नरकासाठी केलेल्या चित्रांत ते गोठलेले सरोवरही आहे, बर्फातून वर आलेल्या डोक्यांसकट. पुरवणीत फक्त ज्वाळांचीच चित्रे छापली गेली. पुन्हा हा विषय निघेल तेव्हा ते चित्र जरूर छापावे.

आपला,
एक नियमित वाचक