पंधरा रुपयांची पेन्शन आणि कापूस वेचणाऱ्या बाया

मा. कामगार मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय जय भीम.

साहेब, ८ मार्चला गावोगावी आम्हा बायांचे सत्कार होतात, शाली मिळतात. मला मात्र तुमच्यापुढे २० जुलै १९४२ ही तारीख ठेवायची आहे.

त्या दिवशी नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. हजारो बाया आल्या. समाजाची प्रगती मी त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असं बाबासाहेब तिथं म्हणाले. ते सगळ्यांना पाठ आहे, पण त्याच मांडवात मंजूर झालेले ठराव कोणी वाचत नाही. अध्यक्षस्थानी अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. परिषदेनं घटस्फोटाचा हक्क मागितला. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वेत राबणाऱ्या बायांसाठी वर्षाला २१ दिवस किरकोळ रजा, महिनाभर हक्काची रजा, इजा झाल्यास भरपाई आणि २० वर्षांच्या नोकरीनंतर १५ रुपये पेन्शन मागितली. महायुद्ध पेटलेलं असताना या बाया रजेचे दिवस मोजून मागत होत्या. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

ही हिंमत एका दिवसात आली नव्हती. उमरेडकडच्या जाईबाई चौधरी स्टेशनवर हमाली करायच्या. त्या शिकल्या आणि १९२२ साली त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली. गिरणीतल्या राधाबाई कांबळे कामगारांच्या बाजूनं, इंग्रज सरकारनं कामगारांच्या चौकशीसाठी नेमलेल्या रॉयल कमिशनपुढे साक्षीला उभ्या राहिल्या.

आता आमच्या यवतमाळकडे या. सीतादहीपासून, म्हणजे वेचणी सुरू करतानाच्या पूजेपासून, पऱ्हाटी उलंगेपर्यंत, म्हणजे शेवटचा कापूस वेचून होईपर्यंत, बाया कमरेला ओटी बांधून वाकलेल्या असतात. बोंडाचं वाळलेलं टोक नखाजवळ रुततं, बोटं चिरतात, रात्री भाकरी थापताना मिठाचं पाणी झोंबतं. मजुरी किलोवर, म्हणून पाळीच्या दिवसांतही कोणी घरी बसत नाही. सातव्या महिन्यातली पोरगी माझ्याच ओळीत वेचत होती. बाळंतपणाच्या पगारी रजेचा कायदा तिच्या वावरापर्यंत पोहोचत नाही.

अपघाताचंही तेच. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची योजना खातेदार शेतकरी आणि त्याच्या घरातल्या एका माणसासाठी आहे. ज्या बाईच्या घरात कोणाच्याच नावावर सातबारा नाही, तिला त्याच वावरात साप चावला तर घरच्यांच्या हाती काय येतं? २०१७ मध्ये आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली. पंपासाठी पाणी आणून देणाऱ्या बायांच्या अंगावरही तेच औषध उडतं.

बांधकाम मजुरांना कल्याणकारी मंडळ आहे, माथाडींना १९६९ पासून कायदा आहे. शेतमजूर बायांसाठी तसंच मंडळ काढा. नोंदणी ग्रामपंचायतीत व्हावी आणि मालकाच्या सहीची अट नको, कारण आज एकाच्या वावरात तर उद्या दुसऱ्याच्या, सही कोणाची आणायची? भूमिहीन बाईला अपघाताची मदत, बाळंतपणात बुडालेली मजुरी आणि साठीनंतर पेन्शन, एवढं त्यातून मिळावं.

नागपूरचं हिवाळी अधिवेशन ऐन वेचणीत येतं. दिवस पाडून मोर्चाला यायचं तर त्या दिवशीची मजुरी जाते. म्हणून विनंती, अधिवेशनाला याल तेव्हा एक सकाळ आमच्याकडे या. १९४२ च्या ठरावांची प्रत आणि नोंदणीसाठी तयार असलेल्या बायांची यादी आम्ही वावरातच तुमच्या हाती देऊ.

आपली,
यवतमाळ जिल्ह्यातली एक शेतमजूर